कुलपाचं झाकण

उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि टेम्पोच्या डिझेलमध्ये पाणी. एकदा निघालं तर मी समजू शकते. पण त्या वर्षी होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत एकाच टेम्पोच्या पोटातून मी तीनदा पाणी काढलं, आणि तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं.

आमचं वर्कशॉप चिखलीत आहे. पत्र्याची शेड, एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला, मध्ये आम्ही. डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचे, एवढाच धंदा. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी, बोटाएवढी वस्तू. तिचं भोक केसाहून बारीक असतं, त्यामुळे धूळ, गंज, पाणी यातलं काहीही तिला चालत नाही. गाडीखाली शिरायचं काम नवऱ्याचं आणि टेबलावरचं नाजूक काम माझं. लग्नाआधी मी चाकणच्या एका कंपनीत नोझल जोडायच्या लाइनवर होते. डोक्याला टोपी, हाताला मोजे, काचेची बंद खोली, आणि आत धुळीचा कण आला तरी सुपरवायझर असा ओरडायचा की जणू त्याच्या डोळ्यातच गेला. ती सवय माझ्या अंगात मुरली. नवरा अजून चिडवतो, की हिच्या घरी पाहुण्यांनासुद्धा गाळून आत घेतात.

नवीन गिऱ्हाईक आलं की टेबलाशी बाई बघून हमखास विचारतं, "मिस्तरी कुठं गेलेत?" मी म्हणते, "जेवायला गेलेत, बसा तुम्ही." आणि त्याच्या गाडीचं नोझल खोलायला घेते. चहा संपेपर्यंत त्याला कळतं.

तो टेम्पो आमच्या मागच्या आळीतल्या मेसवाल्या ताईंचा. ताई मूळच्या इथल्याच, जुन्या घराण्यातल्या. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, नवरा लवकर गेला, आणि ताईंनी घराच्या पडवीत बाहेरगावच्या पोरांसाठी मेस सुरू केली. मेस वाढत गेली. आता चाकणच्या पुढच्या एका कंपनीत दुपारचं जेवण त्यांच्याकडून जातं. भाताचे डबे, आमटीचे कॅन, पोळ्यांच्या टोपल्या, सगळं त्या जुन्या टेम्पोत. टेम्पो चालवायचे मामा. बीडकडचे, उंच, कमी बोलणारे, पहिल्या दिवसापासून ताईंकडे. मेसच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. गाडीला ते 'लक्ष्मी' म्हणत, आणि लक्ष्मीच्या काचेवर कावळा बसला तरी त्यांचा जीव वरखाली होई.

पहिल्यांदा टेम्पो मोशीजवळ बंद पडला आणि दोरीला बांधून आमच्याकडे आला. आधी पांढरा धूर, मग आचके, मग गप्प. मी डिझेलचा फिल्टर सोडला तर त्याच्या खालच्या वाटीत पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. फिल्टरच्या बुडाला एक छोटा स्क्रू असतो, तो अधूनमधून सैल केला की पाणी आपोआप निघून जातं. पण तो स्क्रू सैल करणारा ड्रायव्हर मी तोवर पाहिला नव्हता. गाडी कंपनीतून जशी येते तसाच तो स्क्रू भंगारात जातो.

"पेट्रोल पंपावरच भेसळ असंल," ताई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मी मामांबरोबर पंपावर गेले, सॉसची धुतलेली, वाळवलेली काचेची बाटली भरून घेतली आणि रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी बघते तर डिझेल गाळलेल्या तुपासारखं स्वच्छ. तळाला एक थेंब नाही. पंपवाल्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या.

दुसऱ्यांदा पाणी निघालं तेव्हा मी म्हटलं, टाकी रिकामी राहत असेल. अर्ध्या रिकाम्या टाकीला रात्रीच्या गारव्यात आतून घाम सुटतो आणि तो खाली जमतो. मी मामांना सांगितलं, संध्याकाळी परत येताना टाकी भरत जा. मामांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून तसंच केलं. ते सांगितलेलं विसरणारे नव्हतेच.

तरी तिसऱ्यांदा पाणी निघालं. त्या दिवशी कंपनीत जेवण उशिरा पोचलं. तिथल्या मॅनेजरनं ताईंना फोनवर सुनावलं, की पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरं बघावं लागेल. ताई तडक वर्कशॉपला आल्या. मागून त्यांचे धाकटे दीर. दिरांचा प्लॉटिंगचा धंदा. रोज कोणी ना कोणी फसवायला येतं, म्हणून त्यांना सगळं जग चोर दिसतं. दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे.

"वहिनी, कुठंतरी पाणी मुरतंय," दीर म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अवो साधा हिशोब हाय. रस्त्याला डिझेल इकायचं आन् टाकीत पाणी वतायचं. हायवेला लई जण करत्यात."

मामा तिथेच, टेम्पोच्या सावलीत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

ताईंनी दिरांना गप्प केलं नाही. मला तेच लागलं. त्या मामांकडे वळल्या आणि हात पुढे केला. "मामा, टाकीची किल्ली द्या माज्याकडं."

त्या टेम्पोच्या डिझेल टाकीला कुलपाचं झाकण होतं. किल्ल्या दोन, एक ताईंच्या कमरेच्या पिशवीत, एक मामांच्या करगोट्याला. मामांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ काही सुटेना. शेवटी त्यांनी दातानं दोरा तोडला आणि किल्ली ताईंच्या हातावर ठेवली.

"मालकीण, मला जा म्हना, मी जातो," ते म्हणाले. "पर चोर म्हनून नका काढू. गावाकडं तोंड कसं दाखवू मी?"

 दीरच बोलले, "गुरुवारपतुर बघू. मंग नवा ड्रायव्हर आणू."

आता मला राग आला की समोर कोण आहे ते मी विसरते. मी म्हटलं, "भाऊ, चोरणारा माणूस वाटीभर पाणी घालत नाही, कळशीभर घालतो. मला तिन्ही वेळेला वाटीभरच सापडलंय. असा भुरटा चोर बघितलाय का कधी?"

"वाटी-वाटीनंच घर धुत्यात लोकं," दीर म्हणाले.

"मग गुरुवारी गाडी माझ्याकडे," मी म्हटलं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी डबा नसतो. "पाणी येतं कुठून ते मी शोधून देते. त्याच्या आधी कोणाला काढायचं नाही, नवीन कोणाला आणायचं नाही." ताईंनी मान हलवली. का हलवली कोण जाणे. बहुतेक त्यांनाही मामांना काढायचं नव्हतं आणि कोणीतरी त्यांना अडवायला हवं होतं.

ते दोन-तीन दिवस माझं कशात लक्ष लागेना. एका माणसाची सगळी पत माझ्या टेबलावर येऊन पडली होती, आणि मला पाण्याची वाट सापडत नव्हती. टाकीला चीर असती तर डिझेल बाहेर आलं असतं. नळ्या कोरड्या. पंपावरचं डिझेल स्वच्छ. नवरा म्हणाला, "तू टाकीच बघत बसलीस. टाकीबरोबर दिवसभर काय काय होतं ते बघ." हे त्याचं म्हणणं मी ऐकलं, असं इथे लिहिते, म्हणजे पुढच्या भांडणात त्याला उपयोग होईल.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी टाकी तळापासून रिकामी केली, फडक्यानं कोरडी केली, नवीन फिल्टर लावला आणि ताजं डिझेल भरलं. मी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत घेतलं. आरपार स्वच्छ. ताईंकडून मागून घेतलेली किल्ली माझ्याकडेच ठेवली. मामांना सांगितलं, सकाळी मी येणार, तुम्ही रोज जे करता ते सगळं करायचं, मी आहे म्हणून काही गाळायचं नाही.

गुरुवारी उजाडताना मी मेसच्या अंगणात उलट्या क्रेटवर चहा घेऊन बसले. मामा अंघोळ करून बाहेर आले. कमरेला पंचा, हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची डबी. सूर्य इमारतींच्या मागून वर येत होता. मामांनी त्याला अर्घ्य दिलं. मग उरलेलं पाणी लक्ष्मीला. आधी पुढच्या चाकांवर, मग बॉनेटवर, मग वळसा घालून टेम्पोच्या कुशीला असलेल्या डिझेल टाकीवर.

"टाकीवर कशाला?" मी विचारलं.

"पोट हाय की हिचं," मामा म्हणाले. "पोटाला आधी इचारावं मानसानं." त्यांनी टाकीच्या झाकणावर हळदीकुंकू लावलं, कुंकवात घोळलेल्या तांदळाच्या चार अक्षता ठेवल्या आणि डोळे मिटले.

मी झाकणाकडे बघत होते. ते कुलपाचं झाकण मध्ये खोलगट होतं, बशीसारखं, आणि त्या खोलगट जागेत किल्लीचं भोक. भोकावरची पत्र्याची झापडी कधीच तुटून गेली होती. बशीत पाणी साचलं होतं, वर कुंकू तरंगत होतं. आणि ते पाणी उतरत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. पाणी हळूहळू खाली गेलं, भोकापाशी एक बुडबुडा आला, आणि बशी कोरडी झाली. वर फक्त कुंकवाचा ओला थर राहिला.

"मामा, हे झाकण कधी बसवलं?"

"संक्रांतीच्या टायमाला. टाकीतलं डिझेल चोरीला गेल्तं, तवा मालकिनीनं आनलं. आधीचं साधं हुतं, छत्रीवानी. त्याच्यावरून पानी वघळून जायचं." एवढं बोलून मामा थांबले. त्यांची नजर माझ्या नजरेमागून झाकणाकडे गेली.

मी किल्ली लावून झाकण उघडलं. खालच्या रबराच्या वॉशरला अक्षता चिकटल्या होत्या. लाल, डिझेलनं फुगलेल्या, दाबून चपट्या झालेल्या. डिझेल भरताना झाकणावरच्या अक्षता तोंडाच्या कडेवर पडत, वर झाकण बसे, आणि वॉशर कधी नीट टेकतच नसे. म्हणजे पाण्याला दोन दारं होती, एक भोकाचं आणि एक कडेचं.

मामा मटकन खाली बसले. ओल्या मातीत, धुतलेल्या पंच्यानिशी.

"म्हंजे म्याच घातलं," ते म्हणाले. "रोज. माज्या हातानं."  "चोर म्हनले ते सोसलं असतं. पर हिच्या पोटात पानी म्याच वतलं, ते कसं सोसू?"

  मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मामा, तुम्ही पूजा केलीत. भोक तुम्ही पाडलं नाही." तेवढंच सुचलं. मग उठून गाडी चालू केली, तिला अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि फिल्टरचा स्क्रू सैल करून बाटली धरली. काल आरपार स्वच्छ होतं तिथे आज तळाला पाण्याचे दोन टपोरे मणी लोळत होते.

ताईंना बोलवायला मी निघाले तर मामा हात जोडून म्हणाले, "मालकिनीला नगा सांगू. हसतील लोकं." मी म्हटलं, "हसू देत. हसणं पुसता येतं, चोरीचा डाग पुसता येत नाही." आणि ऐकलं नाही.

ताई पिठाच्या हातानं आल्या. दीर सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतात, ते बरंच झालं. मी झाकण पुसून परत लावलं, तांब्यातलं पाणी त्यांच्यासमोर ओतलं आणि म्हटलं, "बघा." ताई वाकून बघत राहिल्या. पाणी उतरलं, बुडबुडा आला. मग मी त्यांना वॉशरवरच्या अक्षता दाखवल्या, बाटली उन्हात धरून मणी दाखवले, आणि सगळं काय झालं ते सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"कुलूप म्याच आणलं," शेवटी त्या म्हणाल्या. "चोरापासून डिझेल वाचावं म्हणून."

"व्हय," मी म्हटलं. त्यांच्यासारखंच बोललं गेलं.

ताईंच्या तोंडून माफीचा शब्द येत नाही, तो त्यांच्या घडणीतच नाही. त्यांनी पदरानं हाताचं पीठ पुसलं, माझ्याकडून किल्ली घेतली आणि मामांपुढे धरली. "उठा मामा. च्या करते. आल्याचा करते." मामांनी किल्ली घेतली. पण करगोट्याला बांधली नाही, खिशात टाकली. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही आणि ताईंच्याही.

उपाय सोपा होता. मी नवीन वॉशर बसवला आणि ताईंना सांगितलं, वर टोपी असलेलं चांगलं झाकण बघा, कुलपाचं असलं तरी चालेल. जुन्या टेम्पोचं झाकण काही लगेच मिळेना. पावसाळाभर मामांनी त्या झाकणाला दुधाची पिशवी उलटी करून रबरबँडनं बांधली. पाणी आता फक्त चाकांना आणि हळदीकुंकू बॉनेटला. आणि पूजा झाली की मामा फिल्टरचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल माझ्या सॉसच्या बाटलीत घेत, उगवत्या सूर्यासमोर धरून आरपार बघत, आणि मगच गाडी बाहेर काढत. सुरुवातीला ते बाटली घेऊन चुलीपाशी जात आणि ताईंना दाखवत. ताई पोळी लाटता लाटता बघत. एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "मला काय दावता रोज? मी काय तपासनीस हाय व्हय?" तरी मामा दाखवायचं सोडत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून बाटली नुसती वर धरत आणि जात.

मला ते बघवायचं नाही. निर्दोष ठरलेला माणूस रोज सकाळी साक्ष द्यायला येतो, हे काही बरं नाही. पण सांगणार कोणाला? मामांना ताईंनी परत कामावर घेतलं होतं. त्यांच्या मनातलं कामावर परत यायला वेळ लागणार होता.

एक मात्र झालं. त्या गुरुवारपासून आमच्याकडे डिझेलमध्ये पाणी म्हणून कोणी आलं, की मी आधी विचारते, "पूजा कुठं करता?" ड्रायव्हर मंडळींना वाटतं, बाई देवभोळी आहे. एकाच्या तर टाकीच्या हवेच्या भोकात उदबत्ती खोचलेली सापडली. डिझेलच्या टाकीला उदबत्ती! त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर तोही रोज स्क्रू सैल करतो. एकाचं बघून दुसरा करतो, आणि आळीतल्या टेम्पोवाल्यांच्या केबिनमध्ये आता एकेक काचेची बाटली असते.

दसऱ्याला ताईंनी आम्हा दोघांना बोलावलं. अंगणात टेम्पो धुऊन उभा होता, झेंडूच्या माळा, काचेवर स्वस्तिक. दीरही होते, नव्या शर्टात. मामांनी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदीकुंकू लावलं, आणि सवयीनं टाकीकडे वळलेला हात मागे घेतला.

ताई घरातून ताट घेऊन आल्या. ताटात नारळ, आपट्याची पानं आणि हिरव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी. ते त्यांनी मामांना दिलं. मामांनी खण उलगडला. आत टाकीचं नवीन झाकण होतं. साधं, वरून छत्रीसारखं, खाली जाड वॉशर. त्याला किल्लीचं भोकच नव्हतं.

दिरांनी वाकून बघितलं. "वहिनी, कुलूपवालं न्हाई मिळालं का?"

"मिळत हुतं," ताई म्हणाल्या.

"मंग? डिझेलवर नजर कोण ठेवणार?"

"मामा हायेत की," ताई म्हणाल्या, आणि नारळ मामांच्या हातात दिला.

 मामा नारळ घेऊन टाकीपासून चांगले लांब, पुढच्या चाकापाशी गेले आणि एका घावात तो फोडला. मग परत येऊन त्यांनी टाकीचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसलं, नवीन झाकण फिरवून घट्ट बसवलं, आणि जुनं कुलपाचं झाकण किल्लीसकट माझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसवरून जात होते. मामांनी बाटली सूर्यासमोर धरली, आरपार बघितली, रिकामी केली आणि उंबऱ्याकडे न जाता सरळ गाडीत जाऊन बसले.